जीवराम हसला

चाळीसगावला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जीवरामची पिठाची गिरणी आहे. बारावीनंतर वडिलांच्या जागी उभा राहिला, तो तिथलाच झाला. चाळिशी उलटल्यावर त्याला प्रोग्रामिंगचं वेड लागलं. गिरणी सुरू असली की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. म्हणून मोबाइलवरचे धडे तो आवाज बंद ठेवूनच बघायचा, पडद्यावरचं वाचायचा आणि पिठाळ बोटांनी करून पाहायचा. कोणाच्या डब्यामागे कोणाचा डबा, हे सांभाळणारा छोटा प्रोग्रामही त्याने लिहिला. पण त्यातला एकही शब्द कधी कानावर पडला नव्हता.

धुळ्याच्या एका कॉलेजात, आपले आपण शिकलेल्यांसाठी रविवारची कार्यशाळा निघाली; कॉलेजची काही पोरंही तिला आली होती. पहिल्याच दिवशी तरुण सरांनी प्रत्येकाला आपलं काम सांगायला लावलं. जीवराम उठला.

"डब्यांसाठी मी क्वेउए वापरला."

"काय वापरलं, काका?"

त्याने फळ्यावर स्पेलिंग लिहिलं. सर हसले. "अहो, क्यू! रांग, रांग!" सगळा वर्ग खिदळला.

क्यू म्हणजे रांग हे काय जीवरामला माहीत नव्हतं? पण हा तोच शब्द, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्याची कानशिलं तापली. तो खाली बसला.

जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच बाहेर कट्ट्यावर बसला होता. साक्रीकडची मेघा नावाची बाई डबा घेऊन शेजारी येऊन बसली. घरी मुलांच्या शिकवण्या घ्यायची.

"भाऊ, तुम्ही बी वाचीसनच शिकनात का?"

त्याने मान हलवली.

"मनं बी तसंच शे. बठ्ठं पुस्तकमाईन. बोलानी भीती वाटस." तिचंही सगळं पुस्तकातूनच शिकून झालेलं. तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मोडून त्याच्यापुढे धरली. जीवरामनेही आपला डबा उघडला.

तो आठवडाभर त्याने एकच केलं. गिरणी बंद झाली की मोबाइल कानाशी धरायचा आणि एकेक शब्द घोकायचा. पुढच्या रविवारी तो कॉलेजच्या पोरांमध्ये पुढच्या बाकावर बसला. क्यू म्हणाला, 'cache'ला कॅश म्हणाला, सगळं बरोबर म्हणाला. सरांनी शाबासकी दिली.

मग मेघा उभी राहिली. "मुलांना विचारायचे शब्द मी एका अर्रायमध्ये ठेवलेत."

क्षणभर कोणाला कळलं नाही. जीवरामला कळलं, तिला 'अ‍ॅरे', म्हणजे यादी, म्हणायचं होतं; आणि पहिला हसला तो जीवराम. आपल्याला हसू येतंय हे त्याला समजायच्या आत ते बाहेर पडलं होतं. मागोमाग सगळे हसले.

मेघाने सरांकडे पाहिलं नाही, पोरांकडे पाहिलं नाही. जीवरामकडे पाहिलं. मग बारीक आवाजात कसंबसं संपवून खाली बसली. जेवणानंतर तिची जागा रिकामी होती.

घरी बायको ताईबाईने विचारलं, "कसं झालं आज?" तो "बरं झालं" म्हणाला आणि ताट सरकवून उठला. जी पोरं आपल्याला हसली त्यांच्यातलंच एक व्हायला आपल्याला एक आठवडा पुरला, हे तिला सांगणार कुठल्या तोंडाने?

तिसऱ्या रविवारी मेघा आली. जीवराम पायऱ्यांवर वाट बघत होता.

"ताई, माझं चुकलं."

ती थांबली. रागावली नव्हती, ते त्याला जास्त जड गेलं.

"बाकीना हासनात, त्यानं काही नही वाटनं, भाऊ. पन तुम्हले तर ठावं व्हतं."

एवढं बोलून ती आत गेली. तिच्या शेजारची जागा मोकळी होती, पण जीवरामचा पाय तिकडे वळला नाही. तो मागे जाऊन बसला.

दुपारी ती बोलायला उठली. या वेळी 'अ‍ॅरे' बरोबर म्हणाली. मात्र प्रत्येक इंग्रजी शब्दाआधी ती जरा थांबत होती, शब्द मनात तपासून मगच बाहेर काढत होती. गेल्या रविवारी 'अर्राय' म्हणताना ती अशी थांबली नव्हती. जीवराम मान खाली घालून ऐकत राहिला.