काट्यावरचा पाय

सभागृहात दीडशे खुर्च्या होत्या. एकशे एकावन्नावी स्टेजवर, एकटी. तिच्यावर माझी पोरगी रेणू. सहा वर्षांची.

केंद्राच्या मॅडमनी बिस्किटाचा पुडा तिच्या तोंडासमोर धरला. "रेणू, काय हवंय? बोललीस तर मिळेल."

रेणूने हात पुढे केला. पुडा वर गेला. पुन्हा हात, पुन्हा वर. तीनदा. मी मोजलं. चौथ्यांदा तिने कान झाकले आणि पुढे-मागे डोलू लागली. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं.

"पाहिलंत?" मॅडम माइकवरून जमलेल्या पाहुण्यांना म्हणाल्या. "मागण्यासाठीसुद्धा शब्द नाही."

मी शेवटच्या रांगेत होतो. आम्हा पालकांना तिथे बसवलं होतं, चपला बाहेर काढायला लावून. गालिचा खराब होतो म्हणे. बाकी सगळे बूट घालून आत.

मी रायपूरच्या भनपुरीत ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर कारकून आहे. भरलेला ट्रक चढतो, वजन लिहितो. रिकामा होऊन येतो, पुन्हा लिहितो. अंदाजाने आजवर एक आकडा लिहिलेला नाही. रेणूला ऑटिझम आहे हे कळलं, त्या दिवसापासून घरीही वही केली. शब्द, तारीख, कुणाला म्हणाली, कशासाठी.

रायपूर राजधानी झालं आणि तेलीबांध्याला मॅडमचं केंद्र उघडलं. लहान मुलांची भाषा हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्याही मराठीच. पण मराठ्यांच्या राज्यापासून इथे असलेल्या घराण्यातल्या. मी विदर्भातून आलेल्या रेल्वेच्या खलाशाचा मुलगा.

पहिल्या भेटीत त्यांनी माझी वही उघडली. एकतीस शब्द झाले होते. सगळ्यात खाली रेणूने पहिल्यांदा जोडून म्हटलेलं, "मले दे." ती ते म्हणाली त्या दिवशी बायकोने अख्ख्या पाऱ्यात, सगळ्या मोहल्ल्यात, गूळ वाटला होता. मॅडमनी त्या शब्दांवर लाल रेघ मारली.

"मले? घरात असं बोलता?"

"आमची बोली आहे, मॅडम."

"थोडी मराठी, थोडी हिंदी, थोडी छत्तीसगढी. ही खिचडी ऐकून मूल काय बोलणार? शुद्ध बोला. जमत नसेल तर तिच्यासमोर बोलू नका."

मग त्यांच्या अभ्यासाचं संमतिपत्र पुढे सरकवलं. "वाचत काय बसता? सही करा." मी उभ्या-उभ्या दोन्ही पानं वाचली. मॅडम पेनचं बटण टकटक वाजवत राहिल्या.

मी त्यांचं ऐकलं. ही चूक माझी, ती लपवत नाही. आठ महिने आमचं घर मुकं झालं. माझी शुद्ध मराठी चार वाक्यांत संपायची. बायकोने तर पोरीसमोर तोंडच उघडलं नाही. दर महिन्याला मी आकडा लिहीत गेलो, केंद्रात देत गेलो. सव्वीस. एकवीस. चौदा. शेवटी पाच.

बायको एकदा म्हणाली, "पोट्टी काहून गप झाली म्हणता? आपणच गप बसून राहिलो ना जी!"

"मॅडमले जास्त समजते का तुले?" हे मीच म्हणालो होतो.

आणि आता स्टेजवरच्या पडद्यावर आलेख आला. रेघ एकतीसवरून पाचवर घसरत होती. माझ्याच वहीतले आकडे.

"आमच्या टीमने आठ महिने घरी जाऊन निरीक्षण केलं," मॅडम म्हणाल्या. "विकाराचा हा नैसर्गिक उतार."

टीम चारदा आली होती. दर वेळी पंधरा मिनिटं. त्यात चहा.

ट्रक काट्यावर असताना कुणाचा पाय प्लेटवर पडला तर वजन खोटं येतं. आमचा हमालसुद्धा ओरडतो, "पैर हटा!" ही बाई आठ महिने पाय देऊन उभी होती आणि वजन माझ्या पोरीच्या नावावर लिहीत होती. इतक्या पदव्या. आमच्या काट्यावर एक दिवस टिकली नसती.

मी अनवाणी स्टेजवर गेलो.

"हे आकडे माझे आहेत. रेघ पडली ती तुम्ही आमचं बोलणं बंद केलं त्या महिन्यापासून. ते काहून नाही लिहिलं?"

त्यांनी माइकवर हात ठेवला. "भैया, खाली बसा. हे तुमच्या समजण्यातलं नाही."

"संमतिपत्र मी वाचलं होतं. मुद्दा नववा. पालक केव्हाही मुलाचं नाव काढू शकतात. काढलं. आमचे आकडे पुसा."

"अहो, एका मुलीसाठी अख्खा अभ्यास..."

"चोवीस पोरं होती ना? आता तेवीस लिहा. एक आकडा तरी खरा लिहा."

त्यांच्या हातातला पुडा घेतला, फोडला, रेणूला दिला. एकही शब्द न मागता. तिला कडेवर घेऊन बाहेर पडलो.

आता घरात मले-तुले पूर्ण आवाजात चालतं. रेणूचं "मले दे" परत आलेलं नाही. येईल, असं मी वहीत लिहीत नाही. घडतं तेवढंच लिहितो.

दर रविवारी उरलेल्या तेवीस मुलांची घरं शोधतो. नऊ झाली, त्यातली दोन अभनपूरची. प्रत्येक घरी एकच प्रश्न. तुम्हालाही घरची बोली बंद करायला सांगितलं का? उत्तर तारखेसह लिहून खाली सही घेतो. सहा घरांनी "हव" म्हटलं. तीन घरांनी दारातूनच परत पाठवलं. तेही लिहिलं.

चौदा घरं बाकी आहेत. ती झाली की वही घेऊन त्याच सभागृहात जाणार आहे.

चपला घालून.