पायडल थांबवायचं नाही

नाशिकची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्या वर्षी पौषात सकाळी खोबरेल तेलाची बाटली चुलीशी धरल्याशिवाय थेंब निघत नव्हता. तेल गोठतं, तसं ग्रीसही गोठणार, इतकी साधी गोष्ट. पण ती आमच्या घरात बोलायची सोय नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात स्विचचे भाग जोडायच्या कामावर मी लागले होते, पण अजून कायम झाले नव्हते. नात्यातली कारखान्यात जाणारी मी पहिलीच मुलगी. "पोरीच्या जातीला हे झेपायचं नाय" म्हणत आत्यानं आमच्याकडे येणं सोडलं. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, सगळ्यांना एकट्यानं तोंड दिलं. वर आपली सायकल मला दिली आणि स्वतः गोदामात कामाला पायी जायला लागले.

सायकल दिली, पण तिच्यावरचा हक्क काही सोडला नाही. दर खंडेनवमीला ते ती पूर्ण खोलायचे, पुसायचे, झेंडूची माळ घालून पूजेला उभी करायचे. त्यानंतर गुढीपाडव्यापर्यंत तिला कुणी पाना लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्या खंडेनवमीला कुण्या ड्रायव्हरनं त्यांना ट्रकच्या चाकाचं घट्ट ग्रीस दिलं होतं. "ट्रकला चालतं, मग सायकलला काय धाड भरली?" म्हणत त्यांनी ते मागच्या चाकाच्या मधल्या हबात आणि फ्रीव्हीलमध्ये बोटानं दाबून दाबून भरलं. इतके खूश होते की मलाही बरं वाटलं.

फ्रीव्हील म्हणजे मागचं दातेरी चक्र. त्याच्या आत दोन छोट्या खिट्ट्या असतात, सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की ते दात पकडतात आणि चाक पुढं जातं. पाय थांबवला की आत दबून टिकटिक करतात. थंडीत ते एकदा दबले की त्या ग्रीसमध्ये रुतून बसायचे, बाहेर येतच नसत. मग कितीही पायडल मारा, चाक ढिम्म. उन्हं चढली की सगळं सुरळीत. दुपारी घरी येताना सायकल इतकी साळसूद वागायची की मला तिचा संताप यायचा.

याच भानगडीत एकदा माझं गेट चुकलं. भोंगा झाला की गेट बंद. साहेबांनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर घरीच थांब." आता कायम होण्याचा निकाल अगदी तोंडावर आला होता. दादांना सांगून पाहिलं. त्यांनी संध्याकाळी गल्लीत एक चक्कर मारली. सायकल नीट चालली.

"काय झालंय तिला? माझा हात फिरलाय तिच्यावर. तुलाच चालवता येत नाय," ते म्हणाले आणि विषय संपला. मी जास्त बोलले असते, तर आत्याचं खरं ठरलं असतं.

आई मात्र शहाणी. पहाटे अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटला की ती सायकल ओढत आणायची आणि मागचं चाक बंबाजवळ उभं करायची. ग्रीस ऊन व्हायचं. तेवढ्या उबेवर निघायचं आणि वाटेत पाय अजिबात थांबवायचा नाही. कुत्र्यांना दबायला फुरसतच द्यायची नाही. उतारावरही मी वेड्यासारखी पायडल मारत सुटायचे. लोक बघायचे. समोर कुणी आडवं येऊ नये, एवढंच मनात म्हणत राहायचे.

आणि एका सकाळी आलंच. धुकं होतं. भाजीच्या बैलगाड्या एकामागून एक रस्ता ओलांडत होत्या. मी ब्रेक दाबला, पाय थांबला. शेवटची गाडी गेल्यावर पायडल मारलं, तर ते भिंगरीसारखं गरगर फिरलं. चाकाला लाथ घातली, हब तळव्यांनी चोळला, तोंडाची वाफ सोडली. काही नाही. तेव्हा मला इतका राग आला, सायकलचा, थंडीचा आणि दादांचा सगळ्यात जास्त, की मी ती कडेच्या लिंबाला टेकवली, चपला हातात घेतल्या, पदर खोचला आणि पळत सुटले. डांबर बर्फासारखं लागत होतं. गेटमध्ये शिरले आणि मागे भोंगा झाला.

दिवसभर हात काम करत होते, जीव लिंबाखाली होता. सायकल गेली असणार, हे धरूनच चालले होते. सुट्टीच्या आधी साहेबांनी बोलावून सांगितलं, "उद्यापासून तू कायम." आनंद झाला, नाही कसा? पण घरी सांगताना सायकलचं काय सांगायचं, तेच सुचत नव्हतं.

गेटवर वॉचमननं हटकलं. "सकाळी तुझे वडील आले होते. पळत पळत, सायकल हातानं ढकलत."

मला काही कळेना. दादा तर सकाळी गोदामाचं कुलूप उघडायला जात.

"गोदामाला जाताना लिंबाखाली सायकल दिसली म्हणे, पायडल नुसतंच गरगर फिरत होतं. मला हात जोडले त्यांनी," वॉचमन म्हणाला. "म्हणे, पोरीला उशीर झाला असंल तर तिला काढू नका. तिची चूक नाय. सायकल मी बिघडवली, ग्रीस मी भरलं. मी म्हणलं, अहो, ती भोंग्याआधीच आत गेली. तरी साहेबांना सांगा, सांगा म्हणत राहिले. लय वेळ इथंच उभे होते."

मी चालत घरी आले. ओट्यावर राकेलचा वास होता, सायकल भिंतीला उभी होती. दादा हात धूत होते.

"ते ग्रीस काढलं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "शिलाई मशीनचं पातळ तेल सोडलंय. पाडव्याची वाट कशाला बघायची?"

"दादा, मी कायम झाले," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि हात पुन्हा धुवायला लागले. गेटवरचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही. मोरीचं दार लावून मी मनसोक्त रडले. माझ्यासाठी सगळ्या गोतावळ्यापुढं ताठ उभा राहिलेला माणूस त्या दिवशी एका अनोळखी वॉचमनपुढं वाकला होता, आणि तेही गरज नसताना.