परत येणाऱ्याचा नंबर

शेखभाऊ यंत्राच्या भागांना गावं वाटून द्यायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लोणावळ्याजवळच्या आमच्या कारखान्यात कपाटाएवढा कॉम्प्युटर आला आणि त्याची सगळी जबाबदारी खंडाळ्याच्या या माणसावर पडली. प्रिंटर तुंगार्लीत, टाइप करायचं टर्मिनल भुशीत, कागदी पट्टी वाचणारा रीडर खंडाळ्यात. मी त्या टर्मिनलवरची ऑपरेटर. पहिला आठवडाभर हा माणूस आपली टिंगल करतोय असंच मला वाटत होतं.

तसं काही नव्हतं. कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक यंत्राचं एक कार्ड असे आणि कार्डावरच्या बारीक तारा हलवून त्याला नंबर द्यावा लागे. नंबर मोजकेच. दोघांना एकच पडला की दोघंही एकदम बोलायला लागत आणि मशीन कुणाचंच ऐकत नसे. आकडे डोक्यात राहत नाहीत, गावं राहतात, म्हणून भाऊंचा हा खटाटोप. नवं कार्ड आलं की आधी जुन्यांची घरं बघून घेत, मगच त्याला आत घालत. "हितं कुनी कुनाच्या घरात घुसायचं न्हाई," असं वर बजावतही असत.

एकदा रीडर कार्डासकट दुरुस्तीला मुंबईला गेला. त्यात दुसऱ्या टर्मिनलचं नवं कार्ड आलं. भाऊ रजेवर होते, म्हणून त्यांच्या हाताखालच्या देशपांड्यांनी ते रीडरच्याच नंबरवर बसवलं. झकास चाललं की! देशपांडे कॉलर ताठ करून फिरत होते. मग रीडर परत आला, जोडला, आणि दोन्ही यंत्रं मुकी झाली.

भाऊ रागावले नाहीत. "मानूस गावाला गेला म्हनून त्याचं घर दुसऱ्याला देता व्हय, देशपांडे? आल्यावर त्यानं कुटं जायचं?" एवढंच म्हणाले. खंडाळा रीडरला परत दिलं आणि नव्या कार्डाच्या तारा हलवून त्याला वलवण गावात बसवलं. आम्ही पोट धरून हसलो होतो.

पुढच्याच वर्षी मला क्षय झाला. आई आणि दोन धाकटे भाऊ माझ्या पगारावर जगत होते. दवाखान्यात पडल्या पडल्या खोकल्यापेक्षा खुर्चीचाच घोर जास्त. साहेबांनी माझ्या कामावर दुसरी मुलगी घेतल्याचं कानावर आलं, तेव्हा पांघरुणात तोंड खुपसून रडले. सगळं संपलं असंच वाटलं.

बरी होऊन कामावर गेले ती धास्तावतच. दारातच पाय अडला. नवी मुलगी कोपऱ्यातल्या दुसऱ्या टर्मिनलवर भराभर बोटं चालवत होती. माझ्या टेबलावर माझं फुलपात्र तसंच पालथं होतं. दोघींना पुरेल एवढं काम आहे हे भाऊंनी साहेबांच्या गळी उतरवलं, त्यासाठी चांगले भांडले, असं देशपांडे माझ्या कानात पुटपुटले.

भाऊ मशीनचं झाकण उघडून बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"बसा, ताई. तिला वलवणात घर दिलंय. तुमचं हाय तितंच हाय."