संक्रांतीचं काळं आणि केशरी टीम

ड्राइव्हवेच्या कडेला फावड्यानं ओढून टाकलेला बर्फ थरावर थर साचतो आणि एप्रिलपर्यंत हलायचं नाव घेत नाही. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचंही तसंच आहे. कुणाच्याही बेसमेंटमध्ये चार मराठी डोकी जमली की सबनिसांचा विषय निघतो, आणि विषय निघाला की मला बोलावंच लागतं. मी नागपूरचा. पदरचं थोडं घालतो असं माझी बायको म्हणते, पण यातलं बहुतेक खरं आहे.

आमचं गाव कॅनडातल्या हॅमिल्टनपासून अर्ध्या तासावर. गावात एक विद्यापीठ, आणि विद्यापीठाची एक फुटबॉल टीम. पायानं खेळायचा तो फुटबॉल नव्हे, हातात धरून पळायचा. दोन हजारचं दशक नुकतं अर्धं सरलं होतं. मिलिंद सबनीसला ऑफिसातून फुकट तिकिटं मिळाली आणि आम्ही सगळे गेलो. टीमचा रंग केशरी. "आपलाच की रे!" मिलिंद म्हणाला, आणि तिथेच आमची निष्ठा ठरली. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

कळत होतं ते फक्त सॅमसनकाकांना. काका अलिबागकडचे बेने इस्रायली ज्यू, ग्रुपमध्ये वयानं सगळ्यात मोठे. मॅच नेमकी शनिवारी, आणि शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी काका गाडीला हात लावत नाहीत. म्हणून ते घरून चालत येत, उन्हातही आणि बर्फातही. त्यांनी आम्हाला शिकवलं, "तीन चान्स मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर बॉल समोरच्याला देऊन गप बसायचं."

मिलिंदची बायको विद्यावहिनी पुण्याची. तिनं पाऊण तास शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "हे इतक्या वेळा थांबतात, तर खेळतात कधी?"

त्या दिवशी आम्ही सपाटून हरलो. पुढच्या शनिवारी सगळे परत हजर.

*

हरायची सवय झाली असती, पण अभय देसाई होऊ देत नव्हता.

अभय मूळचा आमच्यातलाच. मग तासाभरावरच्या दुसऱ्या गावात नोकरी लागली, तिकडे घर घेतलं, आणि वर्षाच्या आत गडी तिकडच्या विद्यापीठाच्या टीमचा भक्त झाला. त्यांचा रंग काळा. टोपीपासून मोज्यांपर्यंत सगळं काळं. दर सीझनला ते आम्हाला धुवून काढत, आणि संध्याकाळी अभयचा फोन ठरलेला.

"काय मिलिंदशेठ, जेवलात का? की आज भूक नाही?"

मिलिंद फोन ठेवायचा आणि खरंच जेवायचा नाही. वहिनी वैतागून म्हणायची, "तो तिकडे श्रीखंड खातोय आणि तू इथे उपास करतोयस. हा कुठला देव?"

*

मग एका हिवाळ्यात वारं फिरलं.

इथे विद्यापीठाच्या टीमला खेळाडू असे मिळतात: कोच शाळा-शाळांतून पोरं हेरतो, त्यांच्या घरी जातो, आईबापांशी बोलतो. पोरगा 'हो' म्हणाला की त्याला कमिट होणं म्हणतात. आमच्या टीमला वर्षानुवर्षं कुणी 'हो' म्हणत नव्हतं. त्या वर्षी दूरच्या रेजिना शहरातला एक नावाजलेला पोरगा कमिट झाला. आठवड्यात त्याचा मित्र झाला. मग आणखी एक. पंगतीत पहिला माणूस बसेपर्यंत सगळे उभे असतात, तसं ते होतं.

मिलिंद ऑफिसात दर तासाला वेबसाइट उघडायचा आणि मला फोन करायचा. "अजून एक आला!" त्याच्या आवाजात इतका आनंद मी त्याच्या प्रमोशनलाही ऐकला नव्हता.

पार पश्चिम किनाऱ्यावरच्या सरे गावाहून एक पंजाबी पोरगा विद्यापीठ बघायला आला, वाऱ्यासारखा पळणारा. त्याचे वडील काही केल्या तयार होईनात. आमचे कोच, डग नावाचे एक भलेमोठे गृहस्थ, त्यांना इंडियन म्हणून आमचाच आधार. त्यांनी मिलिंदला फोनवर बोलायला लावलं. मिलिंदनं आपल्या हिंदीत नवं स्टेडियम, जिम, इंजिनिअरिंगचा कोर्स सगळं ऐकवलं. पलीकडून एकच प्रश्न आला, "वो सब ठीक है जी. बच्चे को रोटी मिलेगी?"

मिलिंद अडखळला. स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली, "मिलेगी! रोज आने दो!"

दुसऱ्या दिवशी पोरगा कमिट झाला. तो पुढे सबनिसांकडे पोळ्या किती खायचा ते विचारू नका. वहिनीला आम्ही तेव्हापासून असिस्टंट कोच म्हणायला लागलो.

*

पण स्वतःच्या घरात असिस्टंट कोचचा ठाम नकार होता.

ओंकार, सबनिसांचा एकुलता एक. बारावीत गेला तेव्हा दारातून वाकून आत यायचा. शाळेच्या टीममध्ये पुढच्या फळीत खेळायचा, म्हणजे समोरच्यांना अंगावर घ्यायचं काम. वहिनी हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट.

"दुसऱ्यांची मुलं खेळू देत," ती म्हणायची. "मी दिवसभर फुटलेले गुडघेच बघते. घरी आल्यावर मला धड गुडघे बघायचेत." ओंकार खेळायला लागल्यापासून तिनं मैदानात पाऊल टाकणंच बंद केलं होतं, आणि शाळा संपली की खेळ बंद, असं त्याला बजावून ठेवलं होतं.

त्यात काळ्या टीमनं ओंकारला जागा देऊ केली. अभय स्वतः रव्याचे लाडू आणि काळी टोपी घेऊन घरी आला. आमचे कोच डग मात्र थंड. त्यांनी फक्त कळवलं की उन्हाळ्यात चाचणीला ये, मग बघू.

ओंकारला केशरीच हवी होती, दुसरी कुठलीच नाही. एका रात्री जेवताना तो आईला म्हणाला, "आई, आय लर्न्ड टु काउंट ऑन दॅट स्कोअरबोर्ड."

खरं होतं ते. आम्ही इतके हरायचो की पोरगा समोरच्यांचे पॉइंट मोजत मोजत शंभरापर्यंत शिकला होता.

वहिनीनं त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाली, "गुडघ्याला काही झालं तर माझ्याकडे रडत यायचं नाही." थोड्या वेळानं परत म्हणाली, "माझ्याकडेच यायचं. दुसरीकडे कुठे गेलास तर बघ."

होकार तर मिळाला, पण कोचचा होकार कुठून आणायचा?

*

जानेवारीत कोच डगचा फोन आला. "संडे आफ्टरनूनला तुमच्या भागात आहे, चाचणीचे कागद द्यायला पाच मिनिटं येऊन जातो." मिलिंदनं 'शुअर, शुअर' म्हणून फोन ठेवला आणि मग त्याला आठवलं की त्याच दुपारी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू आहे.

कोच आले तेव्हा मी दाराशीच होतो. अंगात केशरी जॅकेट, बुटांना बर्फ. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि थिजलेच.

दिवाणखाना काळा होता. बायका काळ्या साड्यांत, पुरुष काळ्या कुर्त्यांत, रांगणारी पोरं काळ्या झबल्यांत. सॅमसनकाकांनीसुद्धा यजमानांचा मान म्हणून काळा स्वेटर चढवला होता. मधोमध काळ्या चंद्रकळेत विद्यावहिनी, आणि तिच्या शेजारी अभय, त्याच्या टीमची टोपी घालून, हसत.

कोचचा चेहरा उतरला. "आय सी," ते हळूच म्हणाले. "यू फोक्स हॅव डिसायडेड."

प्रामाणिक बिचारा ओंकार पुढे सरसावला. "नो नो, कोच, धिस इज जस्ट..."

त्याचं वाक्य पुरं झालंच नाही. वहिनीनं अख्खा तिळाचा लाडू त्याच्या तोंडात कोंबला. "तिळगूळ घे, आणि गोड बोल," ती म्हणाली. "नाहीतर बोलूच नकोस."

मग तिनं कोचना सोफ्यावर बसवलं, हातात तिळगूळ ठेवला आणि समोर शांतपणे उभी राहिली. कोचनी सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली. एवढी सगळी माणसं समोरच्या टीमची झालेली पाहून त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी जॅकेटची चेन उघडली, पुढे झुकले आणि म्हणाले, "मिसेस सबनीस, चाचणीचं विसरा. तुमच्या मुलाची जागा माझ्या टीममध्ये पक्की. आज, आत्ता."

वहिनी म्हणाली, "वुई विल थिंक अबाउट इट."

ओंकारचे डोळे भरून आले, आणि ते काही लाडू घशात अडकला म्हणून नव्हे.

नंतर मी अभयला खोदून विचारलं की काळं संक्रांतीचं आहे हे तू कोचना का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "मी सांगणारच होतो रे. पण माझ्याही तोंडात लाडू होता." त्या एका लाडवासाठी मी त्याला सगळे फोन माफ करून टाकले.

*

ऑक्टोबरात घरच्या मैदानावर काळ्या टीमशी मॅच होती. सीझन निम्मा सरला तरी ओंकार केशरी जर्सीत नुसता बाकावर बसून होता. पहिल्या वर्षाची पोरं बसतातच, पण मिलिंदचा जीव तुटायचा. तेव्हा आमची टीम जिंकायलाही लागली होती, आणि स्टेडियममध्ये बसायला जागा मिळेना.

मी, मिलिंद, सॅमसनकाका आमच्या नेहमीच्या बाकावर. आजूबाजूला सगळं केशरी. शेवटचा टप्पा सुरू झाला आणि खालच्या पायऱ्यांवर एकदम गलका उठला.

विद्यावहिनी येत होती. कोट उघडा, आत संक्रांतीचीच काळी चंद्रकळा, नाकात नथ. "राँग साइड, मॅम!" कुणीतरी ओरडलं. तिनं ढुंकून पाहिलं नाही. सरळ पहिल्या रांगेत, आमच्या खेळाडूंच्या बरोबर मागे जाऊन ती बसली आणि पदर नीट पसरला.

गलक्यानं कोच डग वळले. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं त्यांना लांबूनच नमस्कार केला.

कोचनी एकदा समोरच्या काळ्या टीमकडे पाहिलं आणि एकदा तिच्या काळ्या साडीकडे. मग बाकाकडे वळून ओरडले, "सबनीस! यू आर इन!"

ओंकार हेल्मेट चढवत मैदानात धावला. मिलिंद माझा दंड धरून रडत होता, आणि खोटं कशाला सांगू, मीही. सॅमसनकाका उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी पायऱ्या उतरून वहिनीपाशी गेलो. तिची नजर मैदानावरून हलत नव्हती, बहुतेक गुडघ्यांवरूनच. तेवढ्यात तिनं पर्स उघडली, आतून केशरी लोकरीची टोपी काढली आणि कानांवर ओढून घेतली.

"थंडी वाजतेय," ती म्हणाली.