शेवटच्या पानावरचा तोपची

निकम सुभेदार गेल्याचा फोन आला, तेव्हा मी विचारलं, "कितव्या भागात?"

फोनवर त्यांची बायको होती, मालतीवहिनी. मागे बायामाणसांच्या रडण्याचा आवाज ऐकू आला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला… माझ्या बाजूने एवढंच सांगतो, की माझं नवं पुस्तक देवळाली कॅम्पला त्यांच्या घरी पोचलं, की वहिनींचा फोन ठरलेला असे : "भाऊजी, हे गेले बरं का याही वेळी." या वेळीही त्या "भाऊजी, हे गेले" एवढंच म्हणाल्या होत्या.

मी 'नक्षत्र पलटण' नावाची कादंबरीमाला लिहितो. अंतराळातली फौज, कॅप्टन रुद्रसेन, परग्रहावरचे शत्रू. मनमाडला गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांनी तिला आजवर जगवलं. पहिले दोन-तीन भाग मी जीव ओतून लिहिले, पुढचे माझ्या हातानेच लिहिले, मी नुसता शेजारी बसून होतो. तिसऱ्या प्रकरणात यानाचं इंजिन बंद पडतं, मध्ये कुठेतरी कॅप्टन वरिष्ठांचा हुकूम मोडतो आणि शेवट जवळ आला की तोफेवरचा एक म्हातारा, तोंडाळ तोपची पलटणीला वाचवताना मरतो. तो तोपची म्हणजे आमचे सुभेदार.

त्यांची ओळख माझ्या मूर्खपणामुळेच झाली. पहिला भाग लिहिण्याआधी लष्करी जीवनाचा अभ्यास करावा म्हणून मी गळ्यात दुर्बीण अडकवून, वहीत काहीबाही टिपत कॅम्पात हिंडत होतो. अर्ध्या तासात दोन जवानांनी मला धरलं. कोण, कुठला, काय लिहितोस? अंतराळावर कादंबरी लिहितोय, या उत्तराने प्रकरण आणखी बिघडलं. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन चाललेले एक मिशाळ गृहस्थ थांबले. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून जवानांना म्हणाले, "अरे, असला गबाळा हेर कोण पाळंल? सोडा त्याला." आणि मला घरी नेऊन चहा पाजला. त्याची परतफेड म्हणून मी त्यांना पहिल्याच भागात ठार मारलं.

वाचक हळहळले, प्रकाशक खूश झाले. म्हणून दुसऱ्या भागात तोपचीचा जुळा भाऊ आणला. तोही मेला. मग चुलतभाऊ आले, मग मूळ तोपचीच्या आठवणी भरलेला यंत्रमानव. "लेखक," सुभेदार म्हणाले, "ही इचारती, तुमचे एवढे भाऊ लग्नात कुठं व्हते?"

त्यांची एक सवय होती. पुस्तक हातात आलं, की ओसरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून चष्मा चढवायचे आणि मागून उघडायचे. शेवटचं पान बघायचं, आपण आहोत का. नसलो, तर "गेलो" म्हणून पुस्तक मांडीवर ठेवायचं आणि चहा मागवायचा. मग दुसऱ्या दिवशी पहिल्या पानापासून सगळं वाचायचं, कारण कसा गेलो हे तर कळलं पाहिजे. वाचून झाल्यावर तक्रार एकच. "एकडाव तरी मला पेन्शनीवर घरी धाड की रे. फौजेत एवढी वर्सं काढली, गोळी नाय लागली. तुझ्या पुस्तकात एक साल सुखाचं नाय."

मी शब्द दिला. पुढचा भाग लिहिताना टेबलासमोर मोठ्या अक्षरात चिठ्ठीही लावली : तोपची जगणार. पुस्तक छापून आलं. सुभेदारांनी मागून उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "गेलो." मला खरं वाटेना. हातातून ओढून घेतलं, तर खरोखरच गेले होते. इंजिन बंद पडलं, हुकूम मोडला आणि त्या ओघात माझ्या हाताने सवयीने त्यांना उडवून दिलं होतं. मी ओशाळून उभा, आणि हा माणूस पोट धरून हसतोय. "ऱ्हाऊ दे. पुढच्या टायमाला बघ. पर आधी सांगू नको, मी मागून बघीन."

तीच शेवटची भेट. पुढच्या टायमाच्या आधीच ते झोपेत गेले, शांतपणे, कोणालाही न वाचवता. माझ्या हातून असं मरण त्यांना कधीच मिळालं नसतं.

नंतरचे काही आठवडे मी इंदिरानगरच्या घरात दार लावून नवा भाग लिहिला. तोपची मरण्याच्या जागी आला, की मी पेन खाली ठेवून उठायचो, बाल्कनीत एक फेरी मारून यायचो आणि त्याला तिथून पुढे काढायचो. असं करत करत त्याला शेवटच्या पानापर्यंत आणलं. तो कॅम्पात उतरतो, भाजी घेतो, घरी जातो.

छपाईला द्यायच्या आधी कागद घेऊन वहिनींकडे गेलो. वेताची खुर्ची तिथेच होती, पाठीवर त्यांचा टॉवेल. वहिनींनी आजवर माझी एक ओळ वाचलेली नव्हती; जे काही ठाऊक होतं, ते नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. त्या खुर्चीत बसल्या, सुभेदारांचाच चष्मा चढवला आणि गठ्ठा उलटा करून शेवटचं पान काढलं. ओठ हलवत, सावकाश वाचलं.

"आहेत," त्या म्हणाल्या. पदराने चष्मा पुसला.

काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडणार, तोवर त्यांनी उरलेला गठ्ठा सुलटा केला होता आणि पुढून पानं उलटत तिसऱ्या प्रकरणापाशी त्या थांबल्या होत्या.

"इंजिन परत बंद पडलं का? भाऊजी, तुम्हाला दुसरं काही येतच नाही का हो?"