आमच्या घरातल्या पुरुषांना जमीन लागते

शहरातल्या माणसाला बोट लागते, तशी आमच्या वडलांना जमीन लागते, असं सातपाटीत आमच्या आळीत सगळे म्हणायचे. आम्हीही म्हणायचो, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. समुद्रावरून आलेला माणूस पहिला दिवस डुलतच चालतो. वडलांचं डुलणं थांबायचं नाही, एवढाच फरक. पन्नाशीच्या आतच त्यांची पावलं लहान झाली. दारात आले की पाय डिंकाने चिकटवल्यासारखे जागच्या जागी, आणि वरचं अंग मात्र पुढे. मग कोणीतरी म्हणायचं, बोटीवर पाठवा, बरं वाटेल. बोटीवर ते सुकाणूपाशी बसलेले असायचे, आणि बसलेल्या माणसाचे पाय कोण बघतो? खरंच बरं वाटतंय असं सगळ्यांनी धरून चालावं. शेवटी बोलणं जड झालं, घास अडकायला लागला, आणि ते गेले. म्हातारपण म्हणून आम्ही सोडून दिलं. म्हातारपण कसलं, साठीसुद्धा झाली नव्हती.

त्यांच्या मागे माझा थोरला भाऊ तांडेल झाला. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. सुकाणू त्याच्या हातात, म्हणजे खलाशांचे जीवही त्याच्याच हातात. दादाला तरुणपणापासून अर्धशिशी होती. डोकं उठायच्या आधी डोळ्यांपुढे चमचमतं जाळं हलतं, म्हणायचा. चाळिशी उलटली आणि त्याचीही पावलं लहान व्हायला लागली. वहिनीने पाहिलं, मी पाहिलं. दोघी एकच म्हणालो, यालाही जमीन लागली.

मी तेव्हा मासळीची टोपली घेऊन बोईसरला जायचे, कारखान्यांतली माणसं भाड्याने राहायची त्या खोल्यांतून विकायला, आणि उरलेली बाजारात बसून. एकदा दादा बोटीच्या मशीनचा काही भाग आणायला माझ्याबरोबर आला. बाजारात शेजारी बसणारी बाई त्याची चाल बघत राहिली.

"काय ग, तुजा भाऊस सकालीच लावून येतो काय?"

"तो घेत नाय."

"मग वाऱ्यानं डुलतो?"

गावात आणखी वेगळी तऱ्हा. किनाऱ्यावर दोर पसरलेले असले की दादा एकेक दोर ओलांडत सपासप जायचा. दोर संपले, मोकळी जागा आली, की अडकायचा. बोटीतला एक भागीदार त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "दोरावरून हरणासारका जातोस, आनि घरची वाट आली का पाय चिकटतात. वहिनीला भितोस काय रं?" दादाही हसला. नाटक म्हणा, दारू म्हणा, जमीन म्हणा, काहीही म्हणा, सुकाणू त्याच्याकडे होतं तोवर चालून जात होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर बोट खाडीत शिरत होती. दुसऱ्या कोणाचा तरी तुटका दोर आमच्या बोटीखालच्या पंख्यात गुंतला. दादा उठला आणि उभाच राहिला. आमचा चुलतभाऊ बोटीवर होता, तो कोयता घेऊन मागे धावला, दोर कापला. कोणाला काही झालं नाही. पण दादा घरी आला, ओटीवर बसला आणि वहिनीला म्हणाला, "माजा पाय उचलत नव्हता. बोटीवर."

बोटीवर जमीन कुठली? त्या एका वाक्याने आमचं इतक्या वर्षांचं बोलणं खोटं ठरलं.

बोईसरच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या व्हरांड्यात काळ्यापांढऱ्या फरश्या. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. दादा फरशीमागून फरशी टाकत नीट टोकापर्यंत गेला आणि आला. वहिनी माझ्या कानात पुटपुटली, "एवड्या लांब आनला, आनि आता कसा चालतो बग." डॉक्टरांनी त्याला शेजारच्या खोलीत बोलावलं. तिथे सपाट सिमेंट. दादा दारातच अडकला.

"रेघ दिसली की पाय उचलतो," डॉक्टर म्हणाले. "वडलांना असं होतं का?"

मग डोक्याचा फोटो काढला, अर्धशिशीची चौकशी झाली, आणि डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. मेंदूच्या आत खोलवर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. या घराण्यात त्या जाड होऊन हळूहळू बंद पडतात, आणि पायांना हुकूम जातो तो त्याच वाटेने. बापाकडून मुलांकडे येतं, पण सगळ्याच मुलांकडे येतं असं नाही. बोलताना त्यांनी माझ्याकडेही बघितलं. मी अजून चालते आहे. हे दुखणं मागे वळवेल असं औषध नाही, डॉक्टर म्हणाले. तंबाखू सोडा, रक्तदाब सांभाळा.

"सुकानू?" दादाने विचारलं.

"समुद्रावर जाऊ नका."

घरी आल्यावर वहिनी ऐकेना. "त्या डाक्टरला काय ठावं? तुमी बसूनच तर असता. तुमचे बाबा शेवटपर्यंत गेले." पाऊसभर बोटी वर ओढलेल्या होत्या, त्यामुळे कोणाला उत्तर द्यायची घाई नव्हती. दादा ओटीवर जाळी दुरुस्त करत बसायचा. हात चांगले होते.

नारळी पुनव जवळ आली तशी त्याने चुलतभावाला आणि भागीदारांना घरी बोलावलं. दवाखान्यात ऐकलेलं सगळं सांगितलं आणि चुलतभावाला म्हणाला, "यंदापासून तू."

हरणाची थट्टा करणारा भागीदार चहाच्या कपात बघत राहिला. चुलतभाऊ म्हणाला, "धरीन सुकानू. पन पयल्या फेरीला तू ये दादा. नुसता बस."

"नाय. मी बसलो तर खलाशी माज्याकडं बगतील, तुज्याकडं नाय."

वहिनी आतून ऐकत होती. त्यानंतर ती या विषयावर भांडली नाही.

बोटी निघाल्या त्या सकाळी दादा किनाऱ्यावर गेला नाही. मी गेले होते, परत आले तर तो ओटीवर जाळं मांडीवर घेऊन बसलेला. खाडीतून मशीनांचे आवाज येत होते. त्यातला आपला त्याने वेगळा काढला.

"रेस जास्त देतो," तो म्हणाला. "मशीन तापवंल."

"तापूं दे," वहिनीने त्याच्यापुढे चहा ठेवला. "आता त्याचं हाय ते."

त्याने आवाज संपेपर्यंत ऐकलं, मग कप उचलला.