पोपटाच्या चिठ्ठ्या

पावडर मुठीत घट्ट दाबायची, मूठ उघडायची आणि तळहातावर हळूच फुंकर मारायची. ही भाऊंची तपासणी. पावडर उडून गेली तर ती कोरडी. बोटांचे वळ धरून तशीच बसली तर ओली. मग ते स्वतःशीच पुटपुटायचे, "आज रुसलीया," आणि ड्रायरच्या बटणांकडे वळायचे. प्रयोगशाळेचा निकाल यायला तास लागे. तोवर भाऊंनी रुसवा काढलेला असे.

त्यांचं नाव सांगत नाही. कारखान्यात सगळे भाऊच म्हणत. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याच्या हाताला यंत्राची नाडी कळते आणि ज्याला आपण शिकलेली माणसं फार हसतो. मी तर पोटभर हसलो होतो.

आळेफाट्याच्या अलीकडे, रस्ता सोडून थोडं आत आमचा दूध पावडरीचा कारखाना होता. नव्वद सालानंतरचे ते दिवस. कारखान्याच्या मध्यभागी चार मजली उंच पोलादी टॉवर, तोच ड्रायर. वरून आटवलेलं दूध फवारायचं, सोबत तापलेली हवा सोडायची, म्हणजे खाली येईतो दुधाची पावडर झालेली असते. टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान, ज्याला सगळे 'आउटलेट' म्हणत, तो या धंद्यातला कळीचा आकडा. आउटलेट कमी पडलं तर पावडर ओली राहते, टॉवरच्या आतल्या भिंतीला चिकटते, थर जाड होतो, आतल्या आत तापतो आणि एक दिवस पेट घेतो. दुधाची पावडर भडकते, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. आम्हाला ते रोज आठवणीत ठेवावं लागे.

भाऊ मूळचे निमगाव सावाचे. शिक्षण सातवी, पण अक्षर टपोरं. दर तासाला लॉगशीटवर सगळे आकडे लिहायचे, हा नियम. त्यांची एका महिन्याची लॉगशीट पुण्याच्या मोठ्या साहेबांनी काच लावून मॅनेजरच्या खोलीत टांगली होती. कुठे खाडाखोड नाही आणि एकही आकडा मर्यादेबाहेर नाही. मर्यादा कागदावर छापलेलीच असे: आउटलेट नव्वद ते चौऱ्याण्णव. त्याच्या बाहेरचा आकडा लिहिला की लेखी खुलासा द्यायचा, तोही पुण्याच्या ऑफिसला. पाहुणे आले की मॅनेजर ती काच दाखवत, आणि भाऊ तेवढ्यात कुठेतरी नाहीसे होत. मला तो विनय वाटायचा.

मी तिथला इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. पुण्याहून नवीन संगणक आला आणि माझी मान ताठ झाली. मला मॉडेल बनवायचं होतं. हवेत ओलावा इतका, दूध इतकं दाट, आउटलेट इतकं, तर पावडर कशी निघाली, हे मागच्या तीन वर्षांच्या लॉगशीटांवरून गणितात बसवायचं. मग पुढच्या वीस मिनिटांत काय होणार हे संगणक आधीच सांगणार आणि दुधाचा पंप, हवेची आच स्वतःच कमीजास्त करणार. माणसाने फक्त पडद्याकडे बघायचं.

कामगारांनी त्याचं नाव ठेवलं पोपट. जत्रेतला पोपटवाला पिंजरा उघडतो, पोपट चिठ्ठी काढतो आणि आपलं भविष्य सांगतो, तसा. संगणकाच्या खोलीत एसी आणि गालिचा होता, चपला-बूट बाहेर काढावे लागत. भाऊंचे पांढरे गमबूट पावडरीने माखलेले, म्हणून ते दारातच उभे राहून विचारत, "काय राव, आज कोनती चिठ्ठी काढली पोपटानं?"

लॉगशीटांचे गठ्ठे मी कपाटातून काढायला लागलो त्या दिवशी मात्र ते हसले नाहीत.

"राव, ते कागद नका घिऊ."

"का हो भाऊ? तुमचंच तर अक्षर आहे. किती स्वच्छ!"

"त्यापरीस एक पावसाळा माझ्यासंगं ड्रायरवर हुभं ऱ्हा. मंग बनवा काय बनवायचं ते."

मी मनात म्हटलं, म्हातारा घाबरला. पोपट आला की मुठीला कोण विचारतो! नंतरही दोनदा त्यांनी तेच सांगितलं. एकदा तर कँटीनमध्ये माझ्या समोर बसून, चहाला हात न लावता एवढंच म्हणाले, "पावसाळ्याचे कागद तरी सोडा." मी त्यांना धीर दिला. "तुमची नोकरी कुठे जात नाही भाऊ." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा तसाच ठेवून उठले.

उन्हाळ्यात चाचणी घेतली. मॉडेलचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा निकाल तंतोतंत जुळले. गावभर पेढे वाटायचे तेवढे राहिले. मोठ्या साहेबांनी ठरवलं, श्रावणात एका बिस्किट कंपनीचे पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर ड्रायर पूर्णपणे संगणकावर चालवून दाखवायचा.

त्या दिवशी सकाळपासून हवा कोंदट होती. भिंतींना घाम फुटला होता. अकरा वाजता मी ड्रायर संगणकाच्या हवाली केला. पाहुणे, मोठे साहेब आणि मॅनेजर मोजे घालून गालिच्यावर खुर्च्या टाकून बसले. संगणकाने आउटलेट ब्याण्णववर आणून ठेवलं आणि अंदाजाची रेघ सरळ काढली. वीस मिनिटांनी पावडर कोरडी. पुढच्या वीस मिनिटांनीही कोरडी. साहेब खूश.

खोलीच्या काचेतून खालचा मजला दिसायचा. तिथे भाऊ पावडरीच्या तोंडाशी उभे होते. मूठ दाबली, उघडली, फुंकर मारली. पावडर हलली नाही. त्यांनी पुन्हा मूठ भरली. माझं बोलणं पाहुण्यांशी चाललं होतं, डोळे मात्र खाली. मग त्यांनी लाकडी मोगरी घेतली आणि टॉवरला टोला मारला. रिकाम्या टॉवरचा आवाज खणखणीत येतो. हा आवाज आला बद्द. त्यांनी दोन हात वर सरकून पुन्हा मारला. तिथेही बद्द. त्यांनी वर काचेकडे पाहिलं, थेट माझ्याकडे. मी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर सगळं ठीक होतं.

तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला कळलं होतं. पण पडदा सोडायचा धीर होईना.

टॉवरच्या वरच्या फळीवर तेव्हा दोन माणसं काम करत होती. तेवढ्यात करपलेल्या दुधाचा वास आला, अगदी हलका, चुलीवर दूध विसरल्यासारखा. दार उघडलं आणि भाऊ आत आले. गमबुटांसकट. गालिच्यावर पांढरे ठसे उमटत गेले.

"भाऊ, बूट!" मॅनेजर ओरडले.

"दूध तोडा, पानी सोडा. हवेची आच उतरवा. वरची मानसं खाली बोलवा," भाऊ मला म्हणाले. बाकी कुणाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

मोठे साहेब उठले. "काय चाललंय हे? आउटलेट ब्याण्णव आहे. अगदी मधोमध."

"ब्याण्णववर या हवेत पावडर वली ऱ्हाती सायेब. आतून थर धरलाय, करपायला लागलाय."

"तीन वर्षं श्रावणात ब्याण्णववर चालवलाय ना तुम्ही? लॉगशीट आहेत तुमच्या!"

भाऊंच्या हातात अजून ओल्या पावडरीचा गोळा होता, बोटांचे वळ उठलेला.

"चालवतो सत्त्याण्णववर. लिवतो ब्याण्णव. पयल्या वर्साला खरं लिवलं व्हतं, तवा तीन खुलासे द्यावं लागलं. मंग खरं लिवायचं सोडलं." मग ते माझ्याकडे वळले. "राव, पोपटाला नावं ठिवू नका. चिठ्ठ्याच म्या खोट्या लिवल्यात. आता बंद करा."

मी बटण दाबलं. दूध तोडून पाणी सोडलं, आच उतरवली, वरची दोन्ही माणसं खाली आली. टॉवर निवल्यावर झडप उघडली. आत भिंतीला वीतभर जाडीचा तपकिरी थर होता. वरच्या अंगाला ताटाएवढा भाग काळा पडला होता. त्यावर पाण्याची धार मारली तर चर्र आवाज आला आणि काळ्याच्या आत लाल दिसलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, याची चर्चा कुणी केली नाही. पाहुणे जेवण न घेताच गेले.

आता माझी बाजू ऐका. ती काही चांगली नाही.

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे रिपोर्ट मागितला. मी लिहिलं: 'ऑपरेटरने जाणूनबुजून चुकीचे आकडे नोंदवल्यामुळे मॉडेल चुकले.' हे खरं होतं. तिन्ही पाळ्यांत सगळेच तसं लिहीत, छापील मर्यादा पावसाळ्याला लागू पडत नव्हती, भाऊंनी मला तीनदा अडवलं होतं, हेही खरं होतं. ते मी लिहिलं नाही. मर्यादा ठरवणारे साहेबच रिपोर्ट वाचणार होते. आणि तीनदा अडवलं असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न मला आला असता. भाऊंनी बाकीच्या पाळ्यांतल्या एकाचंही नाव घेतलं नाही. त्यांचा राजीनामा घेतला. काचेतली लॉगशीट उतरवली. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग मात्र राहिला.

दिवाळीनंतर साहेब म्हणाले, मॉडेल दुरुस्त करा. पण खरे आकडे कुठल्याच कागदावर नव्हते. मी लाज गुंडाळून ठेवली आणि निमगाव सावाची एसटी धरली.

भाऊ कांद्याचं रोप उपटत होते. मला पाहून बांधावर आले, हात धुतले. "या पावणं. पोपट बरा हाय का?"

मी कशासाठी आलो ते सांगितलं. ते बसले, डोळे मिटले, उजव्या हाताची मूठ वळली आणि बोलायला लागले. "आखाड लागला की पंच्याण्णव. नागपंचमीला सत्त्याण्णव. झड लागली तर आठ्ठ्याण्णव, पन दूध जरा पातळ धरायचं. पोळ्याला शहाण्णव. गौरी उठल्या की एकेक उतरायचं. घट बसलं की ब्याण्णव, मंग होळीपतुर बघायचं काम नाय." दूध दाट असेल तर काय, सकाळी धुकं असेल तर काय, सगळं सांगितलं. दोन तास मी लिहीत होतो. एकदाही ते अडखळले नाहीत.

मी वही मिटली तेव्हा त्यांनी विचारलं, "राव, त्या रिपोर्टात म्या तुमाला आदी सांगितलं व्हतं, ते लिवलंय न्हवं?"

मी म्हटलं, "लिहिलंय भाऊ."

"बास झालं." त्यांचा चेहरा मोकळा झाला. "गावात इचारत्यात. पोरगा तर बोलतच नाय धड. म्हनतो, आग लागस्तवर गप का बसला? आता सांगता यील, की कागदावर हाय." मला एसटीपर्यंत सोडायला आले. आभाळ आलं होतं, तर माझी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली.

मॉडेल चाललं. पुढच्या नागपंचमीला संगणकाने आपणहून आउटलेट सत्त्याण्णववर नेलं. लॉगशीट बंद झाल्या होत्या, खुलासा कुणी मागितला नाही. पुण्याला माझा सत्कार झाला, शाल मिळाली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. "भाऊ म्हनले, त्या रिपोर्टाची एक झेरॉक्स द्या. पोराला दावायचीया." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात देतो. पुढच्या आठवड्यात निरोप पुन्हा आला. मशीन बिघडलंय, मी म्हटलं. तिसऱ्या वेळी ड्रायव्हर निरोप घेऊन आला नाही, भाऊ गेल्याची बातमी घेऊन आला.

दहाव्याला गेलो. नदीकाठी माणसं बसली होती. त्यांचा मुलगा माझ्यापेक्षा थोडाच लहान, डोकं भादरलेलं. तो जवळ आला.

"तुमीच न्हवं इंजिनेरसायेब? आबा लई सांगायचं तुमचं. म्हनायचं, रिपोर्टात लिवलंय समदं. म्या काय इस्वास ठिवला नाय." त्याने नाक पुसलं. "तेवढी झेरॉक्स भेटली तर बरं व्हईल. आबांच्या फोटोसंगं ठिवीन."

मी त्यालाही पुढच्या आठवड्यात देतो म्हणालो.